कामाला जुंपलेले दोलन

मोबाइलच्या चार्जरपासून डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपर्यंत जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणात पॉवर कन्व्हर्टर असतो, म्हणजे मिळालेल्या विद्युतदाबाचे उपकरणाला हव्या त्या विद्युतदाबात रूपांतर करणारे मंडल असते, आणि त्या मंडलाला ताळ्यावर ठेवण्याची जबाबदारी त्याच्या नियंत्रकावर असते. नियंत्रक बाहेर पडणारे व्होल्टेज सतत मोजतो, ते ठरवलेल्या मूल्याशी ताडून पाहतो आणि तफावत दिसली की दुरुस्ती करतो. या व्यवस्थेला प्रत्याभरण किंवा रूढ शब्दात फीडबॅक म्हणतात. दुरुस्ती किती जोराने आणि किती तत्परतेने करायची हे ठरवणारे मोजके आकडे नियंत्रकात भरावे लागतात, आणि ते शोधून बसवण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणजे जुळणी असे नाव आहे. आकडे सौम्य ठेवले तर भार एकाएकी वाढल्यावर व्होल्टेज खोल घसरते आणि सावरायला वेळ घेते. ते फार तिखट ठेवले तर दुरुस्ती नेमकी उशिरा पोहोचते, पहिली चूक निस्तरता निस्तरता उलट दिशेची दुसरी चूक होते आणि व्होल्टेज हेलकावे खाऊ लागते. या हेलकाव्यांना दोलन म्हणतात आणि नियंत्रणाच्या शास्त्रात तो मूळ दोष मानला जातो. स्वतःची जुळणी स्वतः करणाऱ्या नियंत्रकाचा इतिहास मात्र बऱ्याच अंशी हा दोष पत्करण्याचा, त्याला आवरून धरण्याचा आणि अखेर त्याच्याकडून मोजमाप करवून घेण्याचा इतिहास आहे.

जुळणीचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो विजेच्या मंडलांत नव्हे, तर जहाजांवर आणि कारखान्यांत. रशियात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने 1922 साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुरुस्तीचे तीन आधार मांडले: चूक आत्ता किती आहे, ती किती काळ साचत आली आहे आणि ती किती वेगाने बदलत आहे. हेच तीन आधार पुढे पीआयडी या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. 1940 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी हवेच्या दाबावर चालणारे असे नियंत्रक विकत होती. पण तीन कळी असलेले यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती गेले की त्या कळी कुठे ठेवायच्या हे कोणालाच नीट सांगता येत नसे, आणि उत्तम यंत्रसुद्धा चुकीच्या जुळणीमुळे बदनाम होई.

या कंपनीच्या विक्री विभागातील जॉन झिग्लर आणि संशोधन विभागातील नॅथॅनिएल निकोल्स यांनी 1942 साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या नियतकालिकात दिलेला तोडगा धिटाईचा होता. त्यांच्या पद्धतीनुसार साचलेल्या चुकीची आणि बदलाच्या वेगाची अशा दोन्ही कळी बंद करायच्या, उरलेल्या कळीने दुरुस्तीचा जोर, म्हणजे गेन, हळूहळू वाढवत न्यायचा, आणि यंत्रणा न वाढणारे, न विझणारे एकसारखे दोलन करू लागली की थांबायचे. त्या क्षणीचा गेन आणि एका दोलनाला लागणारा काळ हे दोनच आकडे टिपायचे. तिन्ही कळींचा नियंत्रक असेल तर गेन त्या मूल्याच्या 0.6 पट, साचलेल्या चुकीचा काळ दोलनकाळाच्या निम्मा आणि वेगाच्या घटकाचा काळ त्याच्या एक-अष्टमांश ठेवायचा. भट्टीचे किंवा ऊर्ध्वपातन मनोऱ्याचे गणिती समीकरण ठाऊक असण्याची गरजच या कृतीत उरत नव्हती, कारण यंत्रणेचा स्वभाव तिच्या दोलनातच उमटत होता. कृतीत उणीव एवढीच होती की चालू कारखाना अस्थिरतेच्या उंबरठ्यावर नेऊन उभा करणारा माणूस जाणता आणि थंड डोक्याचा असावा लागे.

माणसाला वगळून यंत्रानेच आपली जुळणी चालता चालता बदलत राहावे, ही अपेक्षा विमानविद्येतून आली. ध्वनीपेक्षा वेगवान विमान जमिनीजवळच्या दाट हवेत आणि उंचावरच्या विरळ हवेत इतके वेगळे वागते की आकड्यांचा एकच संच दोन्हीकडे चालत नाही. 1958 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाने एका आदर्श प्रतिमानाप्रमाणे वागावे यासाठी नियंत्रकाने स्वतःचे आकडे बदलत राहण्याची कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी रुडॉल्फ काल्मान यांनी स्वतःला अनुकूल करून घेणाऱ्या नियंत्रकासाठी खास संगणकाचाच आराखडा पुढे केला. अशा नियंत्रणाला अनुकूली नियंत्रण म्हणतात.

त्याची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत करुण परीक्षा एक्स-15 या रॉकेट-विमानात झाली. या मालिकेतील तिसऱ्या विमानात हनीवेल कंपनीचा एमएच-96 हा अनुकूली नियंत्रक बसवला होता आणि 20 डिसेंबर 1961 रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी ते प्रथम उडवले. एमएच-96 ची युक्ती झिग्लर-निकोल्स यांच्या कृतीशी नाते सांगणारी होती. गेन सतत वाढवत जायचा, नियंत्रण-पृष्ठे हलवणाऱ्या यंत्रणेत बारीकशी थरथर सुरू झाली की वरची मर्यादा आली असे समजायचे आणि थरथर बळावली की गेन उतरवायचा, अशा रीतीने हा नियंत्रक उड्डाणभर स्थिरतेच्या कडेकडेने चालत असे. ठरावीक आवाक्यातच कोंडून राहणाऱ्या अशा थरथरीला मर्यादा-दोलन म्हणतात. बरीच उड्डाणे या युक्तीवर उत्तम पार पडली, आणि विरळ हवेतून दाट हवेत परतताना वैमानिकांना तिचा फायदाच झाला.

15 नोव्हेंबर 1967 रोजी मायकेल ॲडम्स हे वैमानिक याच विमानातून सुमारे 2,66,000 फुटांवर पोहोचले. चढाईत एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेचा व्यत्यय आला होता. विमानाची दिशा भरकटत गेली, ॲडम्स यांच्याकडून दिशादर्शकाचे वाचन चुकले असावे असे चौकशीचे मत पडले, आणि सुमारे 2,30,000 फुटांवर ध्वनीच्या पाचपट वेगात विमान गिरक्या घेऊ लागले. सुमारे 1,18,000 फुटांवर ते गिरकीतून बाहेर आले, एवढे घडूनही वाचण्याची शक्यता उरली होती. पण उलट्या अवस्थेत सूर मारत असताना एमएच-96 मध्ये मर्यादा-दोलन पेटले आणि हवा दाट होत जाईल तसा जो गेन खाली यायला हवा होता तो वरच अडकून राहिला. शेपटीची पृष्ठे आपल्या कमाल वेगाने मागेपुढे फेकली जात राहिली, त्यामुळे वैमानिकाच्या आज्ञेला वावच उरला नाही, आणि सुमारे 62,000 फुटांवर विमानाचे तुकडे झाले. ॲडम्स यांचा मृत्यू झाला. या अपघाताचे सगळे खापर नियंत्रकावर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण विमान गिरकीत सापडले ते अन्य कारणांनी. तरीही दोलनाचा माग घेत चालणारी जुळणी स्वतःच दोलनात सापडली तर सुटकेची वाट कोणती, या प्रश्नाला त्या रचनेत उत्तर नव्हते, आणि अनुकूली नियंत्रणाबद्दलचा संशय त्यानंतर दीर्घकाळ टिकून राहिला. 1980 च्या दशकात चार्ल्स रोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिले की प्रतिमानात न धरलेले लहानसे घटकही तत्कालीन अनुकूली पद्धतींना अस्थिर करू शकतात, तेव्हा तो संशय आणखी पक्का झाला.

दोलनाला पुन्हा कामाला लावले ते स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील कार्ल योहान ओस्त्रोम आणि टोरे हेगलुंड यांनी, 1984 साली. त्यांनी जुळणीपुरता नियंत्रक बाजूला काढून त्या जागी रिले बसवला, म्हणजे चूक धन असेल तर एक आणि ऋण असेल तर दुसरी, अशा दोनच आज्ञा देणारा साधा खटका. असा खटका प्रत्याभरणात घातला की यंत्रणा आपणहून दोलन करू लागते, आणि ते दोलन बहुतांशी त्याच वारंवारतेचे असते, जी शोधण्यासाठी झिग्लर-निकोल्स यांना गेन जपून जपून वाढवावा लागे. शिवाय खटक्याची उडी किती मोठी ठेवायची हे आपल्या हाती असल्याने दोलनाची उंचीही हाताबाहेर जात नाही. खटक्याची उडी आणि दोलनाची उंची यांच्या गुणोत्तराला 4 ने गुणून पायने भागले की उंबरठ्याचा गेन मिळतो. मग नियंत्रक परत जोडायचा, नवे आकडे भरायचे आणि खटका काढून घ्यायचा. एमएच-96 आणि ही पद्धत यांतला निर्णायक फरक या शेवटच्या पायरीत आहे, कारण इथे दोलन मोजक्या वेळेपुरते, मोजक्या उंचीचे आणि मागणीनुसार घडवलेले आहे. उद्योगाने ही पद्धत लगेच उचलली, आणि कळ दाबली की स्वतःची जुळणी करणारे नियंत्रक कागद-गिरण्यांत व रसायन-कारखान्यांत रुळले. तिथली दोलने मात्र सेकंद-मिनिटांच्या हिशोबात चालत, आणि पॉवर कन्व्हर्टरचा सगळा कारभार त्याहून लाखो पटींनी वेगवान होता.

हा कन्व्हर्टर 1970 च्या दशकात घरोघरी येण्याच्या मार्गाला लागला होता. जुन्या पुरवठ्यात जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकले जाई. नव्या पद्धतीत एक ट्रान्झिस्टर खटक्यासारखा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि त्याच्या तुटक झटक्यांची कॉइल आणि कपॅसिटर मिळून सलग सरासरी काढतात. प्रत्येक आवर्तनात खटका किती वेळ चालू ठेवायचा, त्या प्रमाणाला ड्यूटी म्हणतात; 12 व्होल्टपासून 1.2 व्होल्ट हवे असतील तर ते प्रमाण एक-दशांश. 1976 साली सिलिकॉन जनरल कंपनीच्या एसजी1524 या चिपने हे नियंत्रण एका तुकड्यात आणले, आणि 1977 च्या ॲपल-2 संगणकात असाच उघडझाप करणारा पुरवठा होता.

अशा पुरवठ्याचे वर्तन समजून घेणे अवघड होते, कारण खटका चालू असताना मंडल एक असते आणि बंद असताना दुसरेच. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर. डी. मिडलब्रुक आणि त्यांचे विद्यार्थी स्लोबोदान चुक यांनी 1976 साली या दोन मंडलांची ड्यूटीच्या प्रमाणात सरासरी काढून एकच गणिती प्रतिमान बांधले, आणि कन्व्हर्टरची जुळणी अंदाजाच्या प्रांतातून गणिताच्या प्रांतात आली. त्याच्या आदल्या वर्षी मिडलब्रुक यांनी सुचवलेली मोजणीची रीत तेवढीच महत्त्वाची ठरली. प्रत्याभरणाचा फेरा न तोडता त्यात एका जागी बारीकसा कंप सोडायचा आणि त्या जागेच्या अलीकडचा व पलीकडचा कंप ताडून पाहायचा. ज्या वारंवारतेला दोन्ही कंप सारख्याच उंचीचे होतात तिथे फेऱ्याचा जोर संपतो, आणि तिथे त्या दोघांमध्ये उरलेले कोनीय अंतर म्हणजे अस्थिरतेपासूनची सुरक्षित उसंत, जिला फेज मार्जिन म्हणतात. हे मोजायला प्रयोगशाळेतले महागडे उपकरण लागे, आणि जुळणी एकदा झाली की तिचे आकडे रेझिस्टर-कपॅसिटरच्या रूपात बोर्डावर डाखले जात.

डाखलेली जुळणी पुरेनाशी का झाली, हे एका कॉइल-कपॅसिटरच्या जोडीवरून दिसते. 1 मायक्रोहेन्रीची कॉइल आणि 200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची नैसर्गिक वारंवारता सुमारे 11 किलोहर्ट्झ येते. तोच कपॅसिटर निम्मा झाला तर ती सुमारे 16 किलोहर्ट्झवर जाते. कपॅसिटर निम्मा होणे ही काल्पनिक आपत्ती नव्हे: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांगणिक सुकत जातो, सिरॅमिक कपॅसिटरची धारिता त्यावर व्होल्टेज चढवताच घटते, आणि तयार कन्व्हर्टर विकत घेणारा आपल्या बोर्डावर आणखी किती कपॅसिटर जोडेल हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून अभियंते सर्वांत वाईट परिस्थिती धरून आकडे सौम्य ठेवत आणि त्या सौम्यतेची भरपाई जादा कपॅसिटरांनी करत. संगणकाच्या प्रोसेसरने ही सोय महाग करून टाकली. 5 व्होल्टचा जुना पुरवठा 2000 नंतरच्या दशकात सुमारे 1.4 व्होल्टपर्यंत उतरला, वापर मात्र 100 वॉटच्या पुढे गेला, म्हणजे प्रवाह कित्येक दशक अँपिअरचा झाला आणि चुकीला वाव काही दशक मिलिव्होल्टांचाच उरला.

आकडे बोर्डावर डाखण्याऐवजी स्मृतीत ठेवावेत, म्हणजे ते बदलता येतील, हा विचार इथून बळावला. अशा डिजिटल नियंत्रकात व्होल्टेजचे अंकात रूपांतर करणारा एक भाग, आकडेमोड करणारा दुसरा आणि निघालेल्या अंकाप्रमाणे खटका चालू-बंद करणारा तिसरा असतो. अडचण तिसऱ्या भागात होती. ड्यूटी 8 बिटांत मोजली, तर 12 व्होल्टच्या पुरवठ्यात तिची एकेक पायरी जवळजवळ 47 मिलिव्होल्टची पडते, 1.2 व्होल्ट हवे असताना 25 व्या पायरीवर 1.172 व्होल्ट मिळतात आणि 26 व्या पायरीवर 1.219. मोजणारा भाग 10 मिलिव्होल्टची तफावतही ओळखत असेल, तर त्याला दोन्ही उत्तरे चूकच वाटतात, आणि नियंत्रक 25 आणि 26 यांच्यामध्ये अखंड येरझाऱ्या घालत राहतो. गणित बरोबर, घटक बरोबर आणि तरीही दोलन चालूच, असे हे मर्यादा-दोलन निव्वळ अंकांच्या भरडपणातून जन्मते. पायऱ्या 11 बिटांच्या केल्या तर 205 व्या पायरीवर 1.201 व्होल्ट मिळून प्रश्न मिटतो. पण सेकंदाला 10 लाख वेळा उघडझाप करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये साध्या मोजणी-मंडलाने 2,048 पायऱ्या पाडायच्या तर 2 गिगाहर्ट्झचे घड्याळ लागते, आणि छोट्या पुरवठ्यासाठी ते परवडण्यासारखे नव्हते.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या आयईईई नियतकालिकाच्या जानेवारी 2003 च्या अंकात या कोंडीच्या दोन्ही बाजू उलगडल्या. बर्कलीच्या अँजेल पीटर्चेव्ह आणि सेथ सँडर्स यांनी हे दोलन केव्हा उद्भवते आणि केव्हा टळते याच्या अटी मांडल्या: ड्यूटीची पायरी मोजणीच्या पायरीपेक्षा बारीक हवी, आणि साचलेल्या चुकीचा घटक नियंत्रकात हवाच. बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात ड्रॅगन मॅक्सिमोविच यांच्या गटाने त्याच अंकात सेकंदाला 10 लाख आवर्तने सांभाळणारी आणि जेमतेम 1 चौरस मिलिमीटरच्या घरातली डिजिटल नियंत्रक-चिप सादर केली. तिच्यात वेगवान घड्याळाऐवजी विलंबाची साखळी वापरली होती आणि गुणाकारांची जागा स्मृतीतल्या तक्त्यांनी घेतली होती. तक्त्यातले आकडे बदलले की जुळणी बदलते, एवढी मुभा मिळताच पुढचा प्रश्न आपोआप समोर आला: हे आकडे चिपनेच का शोधू नयेत?

2005 ते 2009 या काळात त्याची उत्तरे झपाट्याने आली. इटलीत स्तेफानुत्ती, मात्तावेल्ली, साग्जीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुंडचा खटका थेट कन्व्हर्टरमध्ये आणला; उपकरण सुरू होताना व्होल्टेज हळूहळू चढत असते त्या क्षणांतच रिले-दोलन घडवून त्यावरून जुळणी उरकायची, म्हणजे भाराला त्याची झळ लागत नाही. टोरोंटोचे अलेक्सांदर प्रोदिच हे मूळचे मॅक्सिमोविच यांच्या गटातले. त्यांनी झेन्यू झाओ यांच्यासह 2007 साली जी पद्धत प्रसिद्ध केली ती या साऱ्या कथेतली सर्वांत चतुर म्हणावी लागेल. चार वर्षांपूर्वी ज्या मर्यादा-दोलनाला हद्दपार करण्याच्या अटी शोधल्या गेल्या होत्या, तेच त्यांनी अल्पकाळ मुद्दाम सुरू केले आणि ड्यूटीच्या अंकात उमटणाऱ्या त्याच्या काळावरून व उंचीवरून कॉइल-कपॅसिटरच्या जोडीचा आणि भाराचा अंदाज बांधून पीआयडीचे नवे आकडे रचले. जास्तीचे मोजमाप-मंडल जवळजवळ लागतच नाही, कारण अंक आधीच चिपमध्ये असतात. बोल्डरमध्ये बोताव म्याओ, रीगन झेन आणि मॅक्सिमोविच यांनी 2005 साली वेगळी वाट धरली होती: यादृच्छिक वाटणारी शून्य-एकची माळ ड्यूटीत मिसळायची आणि बाहेर आलेल्या व्होल्टेजशी तिचा संबंध तपासून कन्व्हर्टरचा संपूर्ण वारंवारता-आलेख काढायचा. यात माहिती अधिक हाती येते, पण आकडेमोड आणि वेळही अधिक खर्ची पडतो.

या सगळ्या पद्धती जुळणी एकदा करून थांबणाऱ्या होत्या. जेफ्री मोरोनी, झेन आणि मॅक्सिमोविच यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेली पद्धत चालू कन्व्हर्टरवर अखंड काम करते, आणि तिचा गाभा मिडलब्रुक यांचाच आहे. फेऱ्यात एक बारीक कंप सोडला जातो, त्याच्या अलीकडचे व पलीकडचे अंक चिपमध्येच ताडले जातात, आणि ठरवलेल्या वारंवारतेला दोन्हींची उंची समान व कोनीय अंतर ठरवल्याइतके होईपर्यंत नियंत्रकाचे आकडे थोडेथोडे सरकवले जातात. प्रयोगशाळेतील टेबल व्यापणारी मोजणी अशा रीतीने चिपच्या एका कोपऱ्यात मावली. इथे दोलन बेफाम सुटण्याची वाट पाहायची नसते. ते कधी सुटेल यापासूनचे अंतरच राखायचे असते, आणि एमएच-96 हून ही रचना अधिक भरवशाची का, याचे कारण यातच आहे.

बाजाराने हे सगळे जसेच्या तसे स्वीकारले नाही. ऑस्टिनची झिल्कर लॅब्ज 2008 साली इंटरसिलने घेतली, प्रायमेरियन त्याच वर्षी इन्फिनिऑनकडे गेली, लिमरिकची पॉवरव्हेशन 2015 साली जपानच्या रोमने विकत घेतली. स्वयंचलित जुळणीच्या चिप्स या मार्गाने मोठ्या कंपन्यांच्या यादीत आल्या. दरम्यान पॉवर-वन कंपनीने डिजिटल पुरवठ्यांच्या संदेशवहनावरील पेटंटसाठी आर्टेसिनवर 2005 साली दावा लावला, 2007 साली ज्यूरीने पॉवर-वनच्या बाजूने कौल दिला आणि 2010 साली अपील न्यायालयाने तो कायम ठेवला; नव्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांना त्यामुळे पावले जपूनच टाकावी लागली. दुसऱ्या बाजूने ॲनालॉग तंत्रानेही उत्तर दिले. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की खटका ठरावीक काळ चालू करायचा, या कॉन्स्टंट ऑन-टाइम पद्धतीत जुळवायचे आकडे इतके थोडे असतात की जुळणीचा प्रश्नच बराचसा टळतो, आणि स्वस्त उपकरणांत तिने मोठी जागा पटकावली.

डिजिटल नियंत्रकाची खरी विक्री झाली ती बहुधा वेगळ्याच गुणावर: 2005 साली आलेल्या पीएमबस या संदेश-मानकामुळे प्रत्येक पुरवठा आपले व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान वरच्या यंत्रणेला कळवू लागला, आणि हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्यांना स्वयंचलित जुळणीपेक्षा या खबरबातीची अधिक गरज होती. मोरोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 सालीच आणखी एक उपकरण वर्णिले होते, ज्यात कंप सोडण्याची आणि ताडण्याची तीच यंत्रणा आहे, पण आकड्यांना हात लावण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. ती फेज मार्जिन मोजत राहते आणि मोजलेला आकडा फक्त कळवते. सुकत चाललेल्या कपॅसिटरमुळे तो घसरू लागला तर पुरवठा बदलायचा, आकडे बदलायचे की अजून काही महिने वाट पाहायची, हा निर्णय देखभाल करणाऱ्या माणसाकडे राहतो.